पाहुण्याच्या तोंडाकडे बघू नये

(लातूरमधल्या एका व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. माइक जरा लांब ठेवते. पस्तीस वर्षं गृहविज्ञान शिकवून माझा आवाज तसाही मोठा झालाय.

निवृत्त झाल्यावर आम्ही वरचा मजला भाड्यानं दिला. पहिला भाडेकरू चिपळूणकडचा एक तरुण पोरगा. पहिल्याच रविवारी सकाळी मी जिन्यातून हाक मारली, "अरे, खाली ये नाश्त्याला, सुशीला करतेय." तो आला. शर्ट खोचून, भांग पाडून आला. दहा मिनिटं इकडंतिकडं बघत बसला आणि मग दबक्या आवाजात मला विचारतो, "काकू, एकट्या सुशीलाताईच करतायत का सगळं? मी काही मदत करू?"

तुम्ही हसताय, कारण तुम्ही लातूर-परभणी-नांदेडचे. भिजवून पिळलेले मुरमुरे, कांदा-मिरचीची फोडणी, शेंगदाणे, वरून डाळव्याचं कूट. आपल्याकडं सुशीला ताटलीत येते, घाट उतरला की ती बाई होते. त्यानं खाल्लं आणि म्हणाला, "पोह्यांसारखंच आहे की." हे वाक्य मी पुढं फार वेळा ऐकलं. अनोळखी घास तोंडात गेला की माणूस आधी त्यात ओळखीचं काहीतरी शोधतो. सापडलं की खांदे खाली येतात.

निजामाबादकडच्या एक बाई आमच्याकडं परीक्षक म्हणून आल्या होत्या. डब्यात अंबाडीची भाजी होती. कण्या घालून घोटलेली, वर लसणाची फोडणी. मी संकोचानं झाकण उघडलं आणि बाई जवळजवळ ओरडल्याच, "गोंगुरा!" माझ्या पोळीला त्यांनी हात लावला नाही, भाजी मात्र संपवली. यात नवल काही नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपले मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे, तेलंगणाचे आठ आणि कर्नाटकातले तीन एकाच हैदराबाद संस्थानात होते. राज्यं वेगळी झाली, पानात आंबट मात्र तसंच राहिलं. पुण्याच्या माणसाला जी भाजी परकी, ती निजामाबादच्या बाईला माहेरची.

आता तोंड वाकडं करण्याबद्दल. याचा आपल्याला फार राग येतो. पण अगदी नवजात बाळाच्या जिभेवर कडू किंवा आंबट थेंब ठेवला तरी ते तोंड वाकडं करतं. त्याला कुणी शिकवलेलं नसतं, आणि यजमानाचा अपमान करायचा तर त्याचा हेतू खासच नसतो. माणूस सगळं खाणारा प्राणी. नवीन काही खाल्लं नाही तर उपाशी मरेल, आणि दिसेल ते खाल्लं तर विषानं मरेल. त्यामुळं नव्या पदार्थाची ओढ आणि भीती दोन्ही त्याच्यात एकदमच असतात. ही भीती कुणात किती, हे मोजायला पॅट्रिशिया प्लायनर आणि कॅरन हॉब्डन या कॅनडातल्या दोन अभ्यासक बायकांनी १९९२ मध्ये दहा वाक्यांची एक प्रश्नावली केली. जगभर ती अजून वापरतात. मी ती मराठीत करून वर्गात भरून घ्यायची. "मी सतत नवीन आणि वेगळे पदार्थ खाऊन बघते" याला जोरात होकार देणाऱ्या मुली सहलीला गेल्यावर घरून आणलेले धपाटेच खायच्या, तो भाग वेगळा.

आणखी एक. काही माणसांना कोथिंबीर खरोखरच साबणासारखी लागते. वास ओळखणाऱ्या एका जनुकाशी त्याचा संबंध सापडलाय. तेव्हा आमटीवरची कोथिंबीर कुणी चमच्यानं बाजूला सारत असेल तर लगेच "नखरे बघा" म्हणू नका. त्याच्या ताटात खरंच साबण असतो.

हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण घरची वेळ आली तेव्हा त्यातलं काही म्हणता काही कामाला आलं नाही. मुलाचं लग्न झालं, सून पुण्याची. पहिल्या वर्षी व्याही-विहीणबाईंना येळवसीला बोलावलं. मार्गशीर्षातली अमावस्या. वेळ अमावस्या म्हणतात ती. कानडीत तिळाला एळ्ळु म्हणतात, तिकडची एळ्ळ अमावस्या तीच आपली येळवस, असं जुनी माणसं सांगतात. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडं गावात माणूस सापडत नाही, सगळे रानात. कडब्याची कोपी, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव, आणि ओळखीचा-बिनओळखीचा जो बांधावर दिसेल त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं.

मी फोनवर सांगितलं होतं, "भज्जी खायला या." विहीणबाईंनी ऐकलं भजी. पत्रावळीवर जे पडलं ते तुम्हाला माहीत आहे: तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, हाताला लागतील त्या पालेभाज्या, चिंच, बेसन, सगळं तासन्‌तास रटरटून हिरवट-करडं झालेलं. शेजारी बाजरीचा उंडा. विहीणबाईंनी बोटानं थोडं उचललं, जिभेला लावलं, आणि फार सभ्यपणे विचारलं, "छान आहे. भजी मागून तळणार का?"

माझ्या धाकट्या जाऊबाई वाढत होत्या. त्यांनी ते ऐकलं, बाईंचा चेहरा बघितला, आणि कोपीच्या मागं येऊन मला म्हणाल्या, "म्या म्हनलं व्हतं पनीर करू. ऐकलं न्हाई तुमी." डोळ्यात पाणी. सबंध दिवस त्या बाईंच्या तोंडाकडंच बघत राहिल्या. आता कुणी आपल्याकडं असं टक लावून बघत असेल तर घास उतरेल का? विहीणबाई बिचाऱ्या अजून अवघडल्या. अवघडल्यामुळं अजून कमी जेवल्या. कमी जेवल्या म्हणून आमच्या लोकांनी अजून आग्रह केला. पत्रावळीवर उंड्यांचा ढीग झाला. आपला आग्रह म्हणजे, माफ करा, कधीकधी मारहाणच असते.

मला आज बोलायचंय ते विहीणबाईंबद्दल नाही, जाऊबाईंच्या त्या वाक्याबद्दल. "पनीर करू." पाहुणा यायच्या आधीच आपण त्याचं तोंड वाकडं झालेलं मनात बघतो आणि आपला पदार्थ लपवून ठेवतो. परवा इथल्या संयोजकांचा फोन आला, "मॅडम, जेवायला पनीर चालेल ना?" म्हटलं, घरी काय आहे? म्हणाले, "घरी काय, आपलं नेहमीचंच. तुम्हाला कसं देणार ते?" पाहुण्याला देता येत नाही असं हे नेहमीचं काय असतं? भाकरी, येसराची आमटी, कारळाची चटणी, हुलग्याचं माडगं. कारळाची चटणी काळी कुळकुळीत, पाहुण्याला वाटतं करपलंय काहीतरी. मग ती फडताळात मागच्या ओळीत. आणि वर आपणच तक्रार करतो, कोल्हापूरचं नाव होतं, नागपूरचं होतं, मराठवाड्याचं जेवण कुणाला माहीतच नाही! तिकडं संभाजीनगरात नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, अभिमानानं वाढतात. तुघलकानं १३२७ च्या सुमारास दिल्ली दौलताबादला हलवली तेव्हा फौजेबरोबर ते आलं, असं सांगतात. लष्कराबरोबर आलेल्या जेवणाला मान आहे. रानातून आलेल्याला नाही.

ही लाज कुठून आली याचा मी पुष्कळ विचार केलाय. एक धागा गहू-ज्वारीचा. पोळी सणाला, भाकरी रोज. मग पाहुणा आला की सण समजून पोळी. दुसरा धागा दुष्काळाचा. १९७२ साली मी शाळेत होते. रेशनवर मिलो यायची, अमेरिकेतली लाल ज्वारी. दुष्काळी कामावर सुकडी. आजीनं मिलोची पहिली भाकरी थापली तेव्हा आम्ही सगळी चुलीभोवती बसलेलो. भाकरीचा रंग बघून धाकटा भाऊ रडायलाच लागला. आजीनं पहिला तुकडा स्वतः तोंडात घातला, बराच वेळ चावला, आणि एवढंच म्हणाली, "जवारीच हाय. लांबून आलीया म्हून लाल झालीया." आम्ही खाल्ली. आवडली नाही कधीच, पण खाल्ली. म्हणजे अनोळखी अन्नासमोर बसायची वेळ आपल्यावरही आलेली आहे, आणि तिथं पनीर मागायची सोय नव्हती.

आता वारं फिरलंय. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, शहरातल्या हॉटेलात भाकरी मिरवायला लागली. बरं झालं. आणि ठेच्याला आपण अस्सल गावरान म्हणतो, त्यातली मिरची आणि शेंगदाणा दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज येईपर्यंत इथं कुणी मिरची बघितलेली नव्हती. पहिल्यांदा ज्यानं खाल्ली असेल त्याच्या तोंडाची कल्पना करा!

पण लाजेचा तिसरा धागा आहे आणि तो सांगताना मला माझीच गोष्ट सांगावी लागते. मी एकदा मुलींना घरच्या दहा पाककृती लिहून आणायला सांगितल्या. एका मुलीनं आणलं पनीर बटर मसाला, व्हेज मंचुरियन, असंच सगळं. पुस्तकातून उतरवलेलं. मी म्हटलं, हे घरचं? ती काही बोलली नाही. वर्ष संपल्यावर भेटायला आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, आमच्या घरचं लिहिलं असतं तर तुम्ही वही हातात धरली नसती." मग तिनं सांगितलं. मांसाच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवलेल्या चान्या, त्या भाजून बाभळीखाली बसून खाल्लेल्या. रक्ती, म्हणजे शिजवलेलं रक्त. आई ते कसं करायची, तिखट कधी घालायची. इतक्या बारकाईनं सांगत होती की पूर्ण गुण द्यावेत. माझ्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं मला माहीत नाही. तिला नक्की माहीत असेल. भज्जीला नाक मुरडणाऱ्या पुणेकरांवर आपण रागावतो, पण आपल्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला काय शिजतं, ते आपण कधी पाहुणे होऊन खाल्लेलं नसतं. तिथं ओळख नसण्याचं कारण अंतर नव्हतं. कोण कुणाच्या हातचं खातो हे ठरलेलं होतं.

मी स्वतः पाहुणी म्हणून कशी आहे? वाईट. मालवणजवळ एका मैत्रिणीच्या घरी गेले होते. आम्ही जन्मापासून शाकाहारी. स्वयंपाकघरातून सुकटीचा वास आला आणि मी श्वास धरून बसले. ताटाशेजारी वाटीत गुलाबी, अगदी खडूच्या गुलाबी रंगाचं पाणी. मला वाटलं औषध. सोलकढी होती. मी वाटी उचलली, ओठाला लावली, तोंड नक्कीच वाकडं झालं असणार. मैत्रिणीची आई माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. नारळ खवता खवता म्हणाली, "आवडली नाय तर ठेव गो बाजूक. मांजर आसा." मांजर सोलकढी पितं की नाही मला माहीत नाही. पण त्या एका वाक्यानं माझा श्वास सुटला आणि दोन वाट्या प्याले.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे, पदार्थ लपवू नका, आधी त्याची ओळख करून द्या. भज्जी म्हणजे भजी नव्हे, हे मी फोनवर एका वाक्यात सांगितलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पहिल्यांदा चमचाभरच वाढा. मुलांना नवी चव पटायला पुष्कळदा आठ-दहा वेळा समोर यावी लागते, मोठी माणसं काही फार वेगळी नसतात. आणि वाढून झालं की दुसऱ्या विषयावर बोला. पाऊस, मुलांच्या परीक्षा, काहीही. पाहुण्याच्या तोंडाकडं बघू नका.

विहीणबाईंचं राहिलंच. त्या दिवशी जेवण झाल्यावर ऊन चढलं होतं. गाडग्यातली आंबील त्यांना कुणी वाढली नाही, एवढं सगळं फसल्यावर कुणाची हिंमत होणार? त्यांना तहान लागली, त्या स्वतः उठल्या, ताक समजून पेला भरून प्यायल्या. आम्ही सगळे दुसरीकडं बघत होतो. दुसरा पेला घेतला तेव्हा जाऊबाईंनी मला कोपरखळी मारली. भज्जी त्यांना अजूनही आवडत नाही. सहा वर्षं झाली, दर येळवसीला येतात, स्पष्ट सांगतात, "ते हिरवं मला नको." पण येताना मोठा थर्मास घेऊन येतात, आंबील भरून पुण्याला न्यायला. मागच्या आठवड्यात फोन आला होता. मी समजले सुनेबद्दल काही असेल. म्हणाल्या, "यंदा आम्ही चौघं येतोय. गाडगं मोठं लावा."