मुका मार इंग्रजीत कसा सांगायचा

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण. पाल्हाळ थोडा कापलाय, बाकी काका बोलले तसंच.)

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी काही वक्ता-बिक्ता नाही. इथे कॅनडात लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेला नागपूरचा माणूस आहे, आणि सेक्रेटरी बाईंनी "काका, दहा मिनिटं तरी बोलाच" म्हणून पकडलं म्हणून उभा आहे. तिथल्या महाल भागात माझं औषधाचं दुकान होतं, ३६ वर्षं. आमच्याकडे "मेडिकलमध्ये जाऊन येतो" म्हटलं की घरचे विचारतात, गोळ्या आणायला का भरती व्हायला, कारण मेडिकल म्हणजे दुकानही आणि ते मोठं सरकारी हॉस्पिटलही. तर शब्दांचा असा घोळ मला लहानपणापासून सवयीचा आहे.

मागच्या महिन्यात मी इथे लेकीच्या दारातच बर्फावर घसरून पडलो. हसू नका, तुम्ही पण पडले असाल. लेक क्लिनिकमध्ये घेऊन गेली. डॉक्टर पोरगी चांगली होती, हसरी, तिने विचारलं, दुखणं शून्य ते दहामध्ये किती? मी लेकीकडे पाहिलं. म्हटलं, हिला सांग, मुका मार आहे. आता लेक अडकली. मुका म्हणजे म्यूट, मार म्हणजे बीटिंग, असं सांगितलं असतं तर पोलीस आले असते घरी. शेवटी तिने "सहा" सांगून टाकलं. मी तेव्हापासून विचार करून राहिलो की ते सहा कुणाचे होते, माझे की तिचे.

कारण काय आहे ना, माझ्या काउंटरवर कुणी कधी आकडा सांगितला नाही. लोक शब्द घेऊन यायचे. ठणकतंय म्हटलं की दात नाहीतर हाड. ठसठसतंय म्हणजे गळू आहे, आत पू धरलाय, याला मलमावर भागवू नका, डॉक्टरकडे धाडा. चुरचुरतंय म्हणजे खरचटलं किंवा भाजलं. चमक भरली, उसण भरली, लचकलं, पायात गोळा आला, ही सगळी वेगवेगळी गिऱ्हाइकं. एखादी म्हातारी यायची आणि म्हणायची, "बापू, आंग मोडून राहिलं रे", की मी आधी ताप विचारायचो. मोडलं काहीच नसायचं, तरी मोडणं हाच बरोबर शब्द होता.

आणि कळ. पोटात कळ येते, ती सोसायची. मशीनची कळ असते, ती दाबायची. आणि कुणाची कळ काढली तर मग भांडण, ते सोडवायला तिसराच माणूस लागतो.

हे सगळं जावयाला सांगितलं तर तो म्हणाला, बाबा, याच देशात एकाने हे केलंय. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेल्झॅक म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७५ साली दुखण्याच्या शब्दांची प्रश्नावली छापली, ७८ शब्द, २० गटांत लावलेले, ठणक्याचे वेगळे, जळजळीचे वेगळे, टोचण्याचे वेगळे, आणि माणूस कंटाळून गेला की जे म्हणतो तेही वेगळे. मला फार बरं वाटलं, खोटं नाही सांगत. म्हणजे हा प्रश्न फक्त माझा नव्हता, इंग्रजीवाल्यांना पण एका "पेन"मध्ये भागत नव्हतं. फक्त त्या साहेबांनी एक उन्हाळा आमच्या काउंटरवर काढला असता तर यादी जरा लांबली असती, एवढंच.

आता तुमच्यात नागपूरकर किती आहेत? हात वर करा. बरेच आहेत की. मग मारबत आठवत असेल. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीनं निघतात, टिंगलीचे पुतळे म्हणजे बडगे निघतात, इतवारीत तर पाय ठेवायला जागा नसते, आणि सगळे ओरडतात, ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत! पीडा म्हणजे दुखणंच, पण त्या ओरडण्यात खोकला पण असतो, महागाई पण असते आणि त्या वर्षी जो नेता डोक्यात गेला असेल तो पण असतो. त्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे पट्टी आणि टिंचर जोरात खपायचं. त्याच दिवशी तिकडे पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार असते, दोन गावचे लोक एकमेकांना खरोखर दगड मारतात, पण तो विषय मोठा आहे आणि मला ते कधी पटलं नाही, सोडा.

गोंधळाचं बघा. लग्नानंतर देवीचा गोंधळ घालतात, संबळ वाजते, दिवट्या पेटतात, आणि शाळेत पोरं गोंधळ घालतात तेव्हा मास्तर छडी काढतात. घालतात दोघंही. आणि मघाशी म्हटलेला घोळ, तो परकराचा असतो, हिशेबात असतो, मनात काहीतरी घोळत असतं, लाडू खोबऱ्यात घोळतात, आणि आमच्या बाजारात घोळीची भाजी मिळते ती वेगळीच.

पांगण्याचे शब्द तर आपल्याकडे लढायांनी भरलेत. आज १४ जानेवारी, म्हणजे पानिपतची पण तारीख, १७६१. त्या पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना सावकारी भाषेत गेली म्हणतात, मोती गळाले, मोहरा गेल्या, बाकीच्या चांदी-तांब्याची तर मोजदादच नाही. फौजेचा खुर्दा उडाला हे आपण अजून म्हणतो, आणि खुर्दा म्हणजे चिल्लर. दाणादाण म्हणजे दाणे सांडावेत तशी माणसं. वाताहत म्हणजे तर वात आणि आहत, वाऱ्याने मारलेलं. लागलं पण आणि पांगलं पण, एकाच शब्दात.

मघा एक वक्ते म्हणाले, आपण मराठी माणसं जगभर विखुरलो. बरोबर आहे, पण मला तो शब्द जरा पेपरातला वाटतो. माझी बायको तर म्हणायची, पोरं उडाली. माझा नातू साडेपाच वर्षांचा आहे, गुडघा फुटला तरी "हर्ट" आणि कान दुखला तरी "हर्ट". मी रोज एक शब्द देतो. परवा खरचटलं शिकवलं, काल त्याने तो टोस्टसाठी वापरला, लोणी लावताना वरचं थोडं निघालं म्हणून. मी काही बोललो नाही, चूक कुठे होती?

बरं, मागून तर्रीचा वास येऊन राहिला आणि तुमचे अर्धे डोळे तिकडे लागलेत. मला पण भूक लागली आहे. शून्य ते दहामध्ये विचाराल तर नऊ.