पांढरी एक

[पियानोची पुढची फळी काढलेली. आत हातोड्यांची रांग, मागे तारा.]

फळी काढली की सगळ्यात आधी दिसतो तो कडुलिंबाचा पाला. वाळलेला, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून तळाशी ठेवलेला. हातोड्यांच्या टोकाला दाबून घट्ट केलेली लोकर असते आणि कसरीला लोकर फार आवडते. हा पियानो ज्यांचा, त्या ताई पूर्वी डांबराच्या गोळ्या टाकायच्या. इथं वसतिगृहातल्या मुलांनी पाला आणून दिला, तेव्हापासून पालाच. त्याच्या शेजारी जर्मनची वाटी आहे, काठोकाठ पाण्यानं भरलेली.

[वाटीतलं पाणी. पट्टी दाबल्यावर पाण्यावर उठणारी बारीक लहर.]

पियानोला ८८ पट्ट्या असतात. तारा सव्वादोनशेच्या आसपास. खर्जात एका सुराला एकच जाडजूड तार, त्यापुढच्या काही सुरांना दोन, मधल्या आणि वरच्या सुरांना तीन-तीन. या सगळ्या तारांचा ताण मिळून पंधरा ते वीस टन भरतो. आपल्या भागातल्या हिशेबानं सांगायचं तर १७० किलोची एक, अशा रुईच्या शंभर गाठी. तेवढी ओढ एक बिडाची चौकट रात्रंदिवस सोसून उभी आहे. तीही टिनाच्या छपराखाली, यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या आतल्या रस्त्यावर.

[पऱ्हाटीचं रान. वसतिगृहाची इमारत, टिनावर ऊन.]

वसतिगृहाचे फादर वसईचे. मराठी घरचीच, पण इथली बोली त्यांनी मुलांकडून उचलली. आता तेही 'का'ला 'काहून' म्हणतात. वर्षभरासाठी म्हणून आले होते, तेव्हा काळे असलेले केस आज सगळे पांढरे आहेत. वसतिगृहात आजूबाजूच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवरची, म्हणजे वस्त्यांवरची, मुलं आहेत, वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांतली आहेत, आणि ज्यांच्या बापानं कर्जापायी जीव दिला अशीही आहेत. फादरांचा दिवस बहुतेक तहसिलीत जातो. जातीचा दाखला, त्यासाठी जुने कागद, त्या कागदांसाठी आणखी जुने कागद. प्रार्थनेला ज्याला यायचं तो येतो. जेवायला मात्र सगळ्यांनी यायचंच, हा एक नियम.

[जुने फोटो : रेल्वे क्वार्टर, दोन वेण्यांतली मुलगी.]

ताई नागपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढल्या. चर्चमधल्या पियानोवर एका सिस्टरनी त्यांना पहिले धडे दिले. पुढं लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा, मग मुंबई. मैफिली, शिकवण्या, मोठमोठ्या घरांतली मुलं. ती मुलं हुशार होती, ताई आजही त्यांच्याविषयी मायेनं बोलतात. पण एका नाताळात त्या या वसतिगृहात वाजवायला आल्या. पियानो नव्हताच, फादरांची पेटी होती. ताईंनी पेटीवर बोटं ठेवली आणि मागून एका पोरानं विचारलं, "कोणत्या पट्टीत जी? काळी एक का पांढरी एक?"

तो प्रश्न ताईंच्या मनातून जाईना. या गावात दर गुरुवारी भजन होतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी इथल्या पोरांच्या कानात पाळण्यापासून आहे. स्वर कशाला म्हणतात हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

[टेम्पो. गाद्यांत गुंडाळलेला पियानो. खांदा देणारी माणसं.]

मग ताईंचा स्वतःचा पियानो आला. मुंबईहून ट्रकनं नागपूर, तिथून टेम्पोनं इथवर. शेवटच्या शंभर पावलांना जिनिंगवरचे हमाल धावून आले. पैसे कुणीच घेतले नाहीत.

पुढं मदत मागायला गेल्यावर एका दात्या संस्थेनं विचारलं, या मुलांना पियानो कशाला? शिलाई मशीन मागा, संगणक मागा. फादरांनी दोन्हीही मागितलं, आणि पियानोसाठीचा अर्ज पुन्हा खाली जोडला. आम्हाला विचाराल तर त्या अर्जाइतका सरळ कागद आम्ही पाहिलेला नाही. गरिबाच्या पोराला फक्त उपयोगाचंच द्यायचं, हे कुणी ठरवलं?

[रात्र. ओसरीवर फादर, भोवती मुलं.]

रात्री फादर गोष्टी सांगतात. व्हेनिस शहरात विवाल्डी नावाचा एक पाद्री होता. १७०३ मध्ये त्याला दीक्षा मिळाली आणि त्याच वर्षी तो अनाथ मुलींच्या आश्रमात व्हायोलिन शिकवायला लागला. त्या टाकून दिलेल्या मुलींचं वादन ऐकायला पुढं लांबलांबचे लोक येत. बाखची गोष्ट मुलांना जास्त आवडते. १७२० मध्ये त्यानं आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी शिकण्याची वही घातली आणि सुरुवातीच्या धड्यात कोणतं बोट कुठं पडायचं, त्याचे आकडे सुरांवर लिहून ठेवले. ताईंनीही तसेच आकडे लिहिलेत. पाटीवर, खडूनं.

[बोटांचा जवळून शॉट. नखांशेजारी ओरखडे.]

ही बोटं कापूस वेचणीची आहेत. बोंड फुटल्यावर त्याची वाळलेली टोकं सुईसारखी लागतात. दिवाळीच्या सुट्टीत ही मुलगी आईबरोबर वेचायला जाते. तिच्या आईचे हात पाहा. उजवा एका बोंडावर, डावा दुसऱ्यावर, एक दुसऱ्याची वाट पाहत नाही. पियानोत नवख्याला सगळ्यात जड जातं ते हेच, दोन्ही हात वेगवेगळे चालवणं. ताई म्हणतात, "मुंबईत यासाठी मला वर्ष वर्ष लागायचं. इथं पोरी ते शेतातूनच घेऊन येतात."

[मे महिना. कुलर बंद करणारा हात. ट्युनिंगची चावी.]

नवतपा सुरू आहे. बाहेर ४५ अंश. पियानोच्या पाठीला लाकडाची मोठी फळी असते, आवाज तिच्यातून उमटतो. पावसाळ्यात ती दमट हवेनं फुगते आणि सूर चढतात. उन्हाळ्यात सुकून आखडते आणि सूर उतरतात. ती पाण्याची वाटी याचसाठी. कोरडी हवा थोडी तरी मऊ राहावी म्हणून. तरी वर्षातून दोनदा तारा लावाव्याच लागतात. नागपूरहून कारागीर बोलावणं परवडेना, तेव्हा ताई स्वतः शिकल्या. आता ही दोन पोरंही शिकताहेत.

कुलरच्या घरघरीत काही ऐकू येत नाही, म्हणून तो बंद. सगळे घामानं निथळताहेत. तीन तारांपैकी दोन लोकरीच्या पट्टीनं दाबायच्या, एकच मोकळी ठेवायची. ती जुळली की दुसरी सोडायची. दोघींत केसभर फरक असला तरी सूर एकसंध राहत नाही.

"ताई, हा सूर काहून कापते जी?"

"दोन तारा भांडताहेत. चावी फिरव. हळू... अजून हळू. कापणं कमी झालं?"

"हाव."

"थांबलं की सांग."

[मुलाचा चेहरा. डोळे मिटलेले. बराच वेळ.]

"थांबलं."

[वसतिगृहाचं अंगण. मुलं शाळेला निघालेली.]

पहिल्या तुकडीतली एक मुलगी आज शाळेत संगीत शिकवते. दोघं पुण्याला कामाला आहेत, एकीचं दहावीनंतर लग्न झालं, एक मुलगा भट्टीवर परत गेला.

[पुन्हा आत. फळी बसवली जाते. पाल्याची पुरचुंडी जागेवर. मुलगी स्टुलावर.]

लावणं झालं. ताई मधल्या सुराला सी म्हणतात, मुलं त्याला पांढरी एक म्हणतात. फादरांनी पेटीचा भाता ओढून तोच सूर धरलाय, दोन्ही जुळतात का ते बघायला. मुलीनं फ्रॉकला हात पुसले.

"वाजव," ताई म्हणाल्या.

[इथून शेवटपर्यंत निवेदन नाही.]