चिखलाचं वेळापत्रक

नमस्कार मंडळी.

सुरुवातीलाच एक शिट्टी ऐकवते. रेकॉर्डिंग नाही, माझ्याच तोंडची आहे, तेव्हा सांभाळून घ्या. ट्यू-ट्यू-ट्यू. तीन सूर, सारख्याच उंचीचे, घाईघाईत. गल्लीत उभं राहून मित्राला हाक मारणारा पोरगा अशीच शिट्टी घालतो. हा ग्रीनशँक. आपल्या पुस्तकांत त्याला हिरव्या पायाचा टिलवा म्हणतात. ही शिट्टी मी पहिल्यांदा ऐकली ती उजनीच्या पाण्याकाठी, पळसदेवजवळच्या आमच्या शेताच्या बांधावर. आणि गेल्या शनिवारी सकाळी पुन्हा ऐकली, ती वेल्समध्ये, न्यूपोर्टच्या बाहेर गोल्डक्लिफ नावाच्या गावात, गमबूट घालून चिखलाकडे बघत बसले होते तेव्हा.

या चिखलाबद्दलच आज बोलायचं आहे.

गोल्डक्लिफ म्हणजे सोन्याचा कडा. 1188 साली वेल्समधून प्रवास करणाऱ्या एका धर्मगुरूने लिहून ठेवलंय की उन्हात हा कडा सोन्यासारखा चमकतो. मला तरी तो आजवर राखाडीच दिसला. पण त्याच्या पायथ्याशी सेव्हर्न नदीची खाडी पसरली आहे, आणि तिथे भरती-ओहोटीतला फरक 14 मीटरपर्यंत जातो. जगात याहून मोठी भरती जवळजवळ कुठेच येत नाही. मुंबईला उधाणाची भरती पाच मीटरच्या आसपास आली की पेपरात बातमी छापून येते, हे लक्षात घ्या म्हणजे अंदाज येईल. ओहोटीला पाणी इतकं मागे सरकतं की समोर नजर पोहोचेल तिथवर नुसता ओला, चकाकणारा, करडा गाळ. वास सगळ्यांना सोसेल असं नाही.

या गाळात गांडुळासारखे किडे आहेत, ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोगलगाई आहेत, कोळंबीच्या चुलत भावंडांसारखे बारीक जीव आहेत. पाखरं त्यासाठी येतात. आणि भरती चढली की ताट काढून घेतल्यासारखं ते सगळं पाण्याखाली जातं. मग पाखरं काय करणार? बांध ओलांडून आत, गोल्डक्लिफच्या उथळ तळ्यांवर येऊन उभी राहतात, एका पायावर, चोच पाठीत खुपसून, पुढच्या ओहोटीची वाट बघत. म्हणून तिथे जायचं ते घड्याळ बघून नव्हे, भरतीचा तक्ता बघून. कोकणातल्या श्रोत्यांना हे सांगायला नको. भरती पुरी व्हायच्या तास-दीड तास आधी पोहोचायचं, आणि शक्यतो उधाणाचे दिवस धरायचे. भांगाच्या, म्हणजे छोट्या, भरतीला गाळ पूर्ण बुडत नाही, पाखरं बाहेरच राहतात आणि तुम्ही रिकाम्या तळ्याकडे बघत डबा खाऊन परत येता. मी सुरुवातीला तीन वेळा आले.

आता ऑगस्टच का, असं विचाराल. इथले शेजारी ऑगस्टला भर उन्हाळा म्हणतात, सुट्ट्या काढून स्पेनला जातात. पाखरांच्या हिशेबात मात्र उन्हाळा कधीच संपलेला असतो. हिरवी तुतारी घ्या. ग्रीन सँडपायपर. साधारण मैनेएवढी, पाठ काळपट, पोट पांढरंशुभ्र, आणि उभी असली की शेपटीकडचा भाग सारखा वरखाली, वरखाली. ही वीण करते स्कँडिनेव्हियाच्या दलदली जंगलांत, आणि गंमत म्हणजे झाडावर. कस्तुराने सोडलेल्या जुन्या घरट्यात अंडी घालते. पिल्लं अंड्यातून बाहेर आली की थोड्याच वेळात खाली उड्या टाकतात. त्यानंतर आई फार काळ थांबत नाही, पिल्लं बापाच्या ताब्यात देऊन निघते. त्यामुळे जून संपायच्या आत पहिल्या माद्या वेल्सच्या ओढ्यांवर आलेल्या असतात. मग येतात नर. आणि ऑगस्टमध्ये येतात त्या वर्षीची पोरं, एकटी, आईबापांशिवाय, न पाहिलेल्या वाटेने. मोठ्यांची पिसं विणीच्या धावपळीत विटून, झिजून गेलेली. पोरांच्या अंगावर मात्र शाळा उघडतानाचा नवा कोरा गणवेश, प्रत्येक पिसाच्या कडेला टिकल्यांची स्वच्छ ओळ. दुर्बिणीतून हा एकच फरक ओळखायला शिकलात तरी अख्खी सकाळ मजेत जाते.

कैकर, म्हणजे ऑस्प्रे, त्यांच्या घरातही आईच आधी निघते, पण तिथे बाप सगळ्यात शेवटी. वायव्येला डाव्ही नदीच्या काठी 2011 पासून त्यांची वीण सुरू आहे, तिथून ते सेनेगल, गॅम्बियापर्यंत जातात. पण कैकर बघायला सगळेच जातात. मी चिखलाकडे परत येते.

एक सांगायचं राहिलं. वेल्श भाषेत या हिरव्या तुतारीला म्हणतात पीबिद ग्विर्द. ग्विर्द म्हणजे हिरवा, आणि पीबिद म्हणजे पावा वाजवणारा. आपण तुतारी म्हणतो, हे पावावाला म्हणतात, इंग्रजही पायपरच म्हणतो. इतक्या लांब-लांबच्या माणसांना या पाखराकडे बघून एकच गोष्ट सुचावी, याचं मला फार बरं वाटतं. इथल्या एका आजोबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी "तुतारी" हा शब्द चार वेळा घोळवून घेतला. ट त्यांना जमतो, त जमत नाही.

हेच आजोबा पाखरांच्या पायात कड्या घालतात. तसा रीतसर परवाना आहे त्यांच्याकडे. पहाटे देवनळाच्या, म्हणजे पाणथळीतल्या उंच गवताच्या, बनात केसासारख्या बारीक धाग्याची जाळी लावायची, अडकलेलं पाखरू हलक्या हाताने सोडवायचं, मोजमाप घ्यायचं, सोडून द्यायचं. मागच्या वर्षी त्यांनी मला शेजारी बसू दिलं. हातात होता सेज वॉर्ब्लर, वटवट्यांच्या कुळातला, डोळ्यावर मळकट पांढरी भुवई. दोन बोटांच्या फटीत मान, तळहातात धड. आजोबांनी त्याच्या पोटावर हलकेच फुंकर मारली. पिसं बाजूला झाली आणि खाली पातळ कातडीतून पिवळीजर्द चरबी दिसली, अगदी गायीच्या तुपाच्या रंगाची. मग पाखरू एका प्लॅस्टिकच्या नळीत डोकं खाली करून ठेवलं, नळी वजनकाट्यावर. साडेसतरा ग्रॅम. एरवी याचं वजन दहा-अकरा ग्रॅमच्या पुढे जात नाही. देवनळावर या दिवसांत मावा पडतो, तो खाऊन खाऊन हे पाखरू काही आठवड्यांत जवळजवळ दुप्पट होतं. मग एका रात्री उडतं, आणि सहारा पार करूनच थांबायचा त्याचा बेत असतो.

त्याच बनात राहणारा त्याचा भाऊबंद रीड वॉर्ब्लर असलं काही करत नाही. तो टप्प्याटप्प्याने जातो, वाटेत खातपीत. एकाने शिदोरी अंगावरच बांधलेली, दुसरा धाब्या-धाब्यावर थांबत जाणारा. आमच्या घरात हे दोन्ही प्रकारचे प्रवासी आहेत, नावं घेत नाही.

आजोबांनी कडी घातली. तिच्यावर लंडनच्या म्युझियमचं नाव कोरलेलं असतं. मग मूठ उघडली. पाखरू क्षणभर तिथेच बसलं, आणि गेलं.

आता जरा कडू गोष्ट.

मी ज्या तळ्यांचं आणि देवनळाच्या बनांचं इतकं कौतुक करते आहे ती निसर्गाने दिलेली नाहीत. न्यूपोर्टची ही पाणथळ 2000 साली उघडली. देवनळ उभा आहे तो विजेच्या कारखान्याची राख टाकायच्या खड्ड्यांवर, आणि गोल्डक्लिफच्या तळ्यांच्या जागी आधी शेतं होती. हे का केलं? कारण शेजारी कार्डिफच्या उपसागराच्या तोंडावर बंधारा घातला आणि 1999 च्या नोव्हेंबरात तिथला सगळा गाळ कायमचा गोड्या पाण्याखाली गेला. आज त्या जागी सुंदर तळं आहे, काठाला उपाहारगृहं आहेत, विधिमंडळाची इमारत आहे. तुमच्यापैकी अनेकांनी तिथे फोटो काढले असतील. त्या गाळावर हिवाळा काढणारे रेडशँक, लाल पायाचे टिलवे, त्यांचं काय झालं? अभ्यासकांनी त्यांच्या पायांत रंगीत कड्या घालून ठेवल्या होत्या, म्हणून कळलं. बरेचसे शेजारच्या रिम्नी नदीच्या मुखाशी गेले. तिथे आधीच दुसरे टिलवे होते. नव्याने आलेल्यांची वजनं घटली, आणि त्यांच्यात मरणाचं प्रमाण आधीपेक्षा वाढलं. गाळाच्या बदल्यात न्यूपोर्टला मिळाला देवनळ, ओलं गवत आणि तळी. जागा उत्तम, पण रेडशँकला हवा होता गाळ.

ऐकणाऱ्यांत सोलापूर, पुणे, नगर जिल्ह्यांतली कुणी मंडळी असतील तर त्यांच्या तोंडी एक शब्द आलाच असेल. प्रकल्पग्रस्त. उजनी धरण 1980 साली पुरं झालं, आणि आमच्या आजोबांचं भीमाकाठचं काळं रान पाण्यात गेलं. बदल्यात जमीन मिळाली. मुरमाड. कागदावर जमिनीच्या बदल्यात जमीन, हिशेब चोख. आजोबा मरेपर्यंत त्या नव्या जमिनीला "ते तिकडचं" म्हणत, कधी "आपलं" म्हणाले नाहीत. त्यामुळे मी जेव्हा त्या रेडशँकच्या घटलेल्या वजनांबद्दल वाचलं तेव्हा मला ते आकडे वाटलेच नाहीत.

आणि तरीही, हे मला कबूल करायला हवं. ज्या पाण्याने आमचं रान गिळलं त्याच पाण्यावर रोहित पक्षी आले. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ ही नावं आज देशभरच्या पक्षीमित्रांना ठाऊक आहेत. भोई मंडळी होड्यांतून पाहुणे फिरवतात. माझं पाखरांचं वेड त्याच काठावर जन्मलं. इकडे गोल्डक्लिफच्या तळ्यांवर उचाट्या वीण करू लागला, ॲव्होसेट, ती वर वळलेल्या चोचीची काळी-पांढरी देखणी पाखरं. वेल्समध्ये पूर्वी तो वीण करत नव्हता. ज्याचं गेलं त्याला काही मिळालं नाही, आणि दुसऱ्याच कुणाचं तरी घर झालं. याची बेरीज-वजाबाकी मला आजवर करता आलेली नाही.

उजनीत आणि इथे एक मोठा फरक मात्र आहे. गोल्डक्लिफला तळ्यांची पातळी दारांनी कमी-जास्त करता येते. तुतारी काही बदकासारखी पोहत नाही. तिला घोट्याएवढं पाणी आणि त्याच्या कडेचा मऊ चिखल लागतो, ग्रीनशँकला त्याहून थोडं खोल चालतं. चार बोटं पाणी वाढलं की तिचं जेवण बंद. म्हणजे चिखलही पिकासारखा वेळेवर तयार व्हावा लागतो. उजनीत ते वेळापत्रक ऊस ठरवतो आणि पाऊस ठरवतो. श्रावणात धरण भरत असतं, काठ बुडालेले असतात. पाणी उतरू लागतं ते हिवाळ्यात, आणि मग चिखल उघडा पडतो.

गेल्या शनिवारी तीन हिरव्या तुताऱ्या होत्या, एक ग्रीनशँक, आणि मळगुज्यांचा मोठा थवा. मळगुजा म्हणजे ब्लॅक-टेल्ड गॉडविट, लांब सरळ चोचीचा. इथे येणारे आइसलँडचे. अजून अंगावर विटकरी लाल रंग होता, उतरायला लागलेला. भिगवणला आपण बघतो ते करड्या कपड्यांतले असतात, आणि येतात सैबेरिया-मध्य आशियाकडून. नाव एक, पण या दोघांची वाट कधी एक होत नाही. इथली तुतारी स्कँडिनेव्हियातून निघून काही इथेच हिवाळा काढते, बाकीच्या आफ्रिकेकडे जातात. तिने उजनी कधी पाहिलेलं नसतं. मी मात्र दर वेळी तिच्याकडे माहेरचं माणूस भेटल्यासारखी बघते. तिला याचा पत्ताही नसतो, आणि पाच पावलं जास्त पुढे गेलं तर ती ओरडत उडून जाते. तेव्हा तेवढं पुढे जाऊ नका.

त्या दिवशी तिथूनच वडिलांना फोन लावला. तिकडे दुपार झाली होती. विचारलं, पाणी कुठवर आलंय? म्हणाले, "पळसनाथाचा कळस बुडाला. चिखल-बिखल काही नाही, पाणीच पाणी." मी म्हटलं, म्हणजे तुतारी नाहीच अजून. तर म्हणाले, "धरणावर नाही. पण उसाच्या कडेला पाटाचं पाणी तुंबलंय ना, तिथे काल एक काळं-पांढरं आलंय. सारखं मागचं हलवतंय. तेच का गं तुझं?"

तेच, अण्णा.

येत्या शनिवारी उधाण आहे, मी भरतीच्या दीड तास आधी बांधावर असेन. गमबूट आणा, आणि डबा दोघांचा आणा.