पिकाने प्यायलेले पाणी

रब्बीचे आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटले की चारीवर, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या कालव्यावर, रात्रीसुद्धा वर्दळ असते. बॅटरीच्या उजेडात कुणी दारे धरत असतो, कुणी फुटलेली सरी फावड्याने बांधत असतो, आणि आपली पाळी संपण्याआधी मिळेल तेवढे पाणी रानात घेण्याची घाई प्रत्येकाला असते, कारण पुढचे आवर्तन तीन आठवड्यांनी येईल की पाच, याचा भरवसा नसतो. अशा शेतकऱ्याला उधळ्या म्हणणे सोपे आहे. पण ज्याच्या हाती पाण्याचे वेळापत्रक नाही, त्याने रान तुडुंब भरून घेणे हा त्याच्यापुरता शहाणपणाचाच हिशेब असतो.

कालव्यातून किती पाणी सोडले, याची नोंद पाटबंधारे खात्याकडे असते. त्यातले पिकाने किती वापरले, हे मात्र शेतोशेती जाऊन मोजणे अवघडच. उपग्रह उपयोगी पडतो तो इथे.

पानांच्या रंध्रांतून वाफ बाहेर पडत राहते, तोवर पान थंड असते. मुळांना पाणी कमी पडले की रंध्रे मिटतात आणि पान तापू लागते. लँडसॅट 8 आणि 9 हे उपग्रह जमिनीवरून निघणारी ही उष्णता टिपतात. सूर्याकडून आलेल्या ऊर्जेतून परत फेकली गेलेली, तसेच जमीन आणि हवा तापवण्यात गेलेली ऊर्जा वजा केली, की बाष्पीभवनावर खर्च झालेली ऊर्जा उरते आणि तिच्यावरून पाण्याचा आकडा काढता येतो. डच शास्त्रज्ञ विम बास्टियानसेन यांनी 1990च्या दशकात या गणिताची ‘सेबल’ ही पद्धत विकसित केली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2017मध्ये आफ्रिका आणि पश्चिम आशियातील देशांसाठी सुरू केलेले ‘वापोर’ हे माहितीभांडार असेच आकडे विनामूल्य देते.

आपल्याकडे खरी अडचण शेताच्या आकाराची आहे. लँडसॅटच्या उष्णताचित्रातला एक चौकोन 100 मीटर बाजूचा, म्हणजे एक हेक्टराचा असतो. 2015-16च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र 1.34 हेक्टर आहे, आणि तेही अनेकदा दोन-तीन तुकड्यांत विभागलेले. त्यामुळे एकाचा खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस), शेजाऱ्याचा कांदा आणि बांधावरची बाभूळ यांची सरासरी एकाच चौकोनात येते. यावर उपाय म्हणून दर पाच दिवसांनी 10 मीटर बारकाव्याची चित्रे देणाऱ्या सेंटिनेल-2 उपग्रहांची जोड दिली जाते आणि पिकाच्या हिरवेपणावरून उष्णतेची विभागणी अंदाजाने केली जाते. तो अंदाजच असतो, हे विसरून चालत नाही. पावसाळ्यात ढगांमुळे ही चित्रे आंधळी होतात. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेल्या ‘निसार’सारख्या उपग्रहाचे रडार ढगांपलीकडचे पाहू शकते, मात्र त्यातून जमिनीच्या वरच्या थरातला ओलावा कळतो, आणि उसाची मुळे त्याहून बरीच खोल असतात. मातीची मूठ वळून वाफसा, म्हणजे मातीतला योग्य ओलावा, पाहणारा शेतकरी म्हणूनच अजून बाद झालेला नाही.

विहीर आणि ठिबक असलेल्या शेतकऱ्याला मोबाइलवर ‘आज पाणी नको’ असा संदेश आला, तर तो मोटर बंद ठेवू शकतो. कालव्यावरच्या शेतकऱ्याला त्याच संदेशाचा काय उपयोग? गव्हाला पेरणीनंतर साधारण 18 ते 21 दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना, पाणी लागते हे त्याला उपग्रहाने सांगायची गरज नाही. त्या आठवड्यात चारीला पाणी असणे, ही त्याची गरज आहे.

म्हणून आमच्या मते उपग्रहावरून काढलेला पाणीवापराचा नकाशा आधी शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेच्या टेबलावर पोहोचला पाहिजे. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या अशा संस्था घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून, पाणी घेऊन आपसांत वाटतात. अशा व्यवस्थेत कालव्याच्या मुखाजवळचे आणि शेपटाकडचे पीक एकाच हंगामात किती पाणी प्याले, हे सर्वांसमोर मांडता येते आणि पाळीचा क्रम ठरवताना भांडणाऐवजी आकडा पुढे करता येतो.

बचतीचे दावेही याच आकड्यावर तपासावे लागतील. पाटपाण्यातून झिरपलेले बरेचसे पाणी खालच्या विहिरींना मिळत असते. ठिबकमुळे ते झिरपणे थांबले आणि वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस उभा राहिला, तर शेतावरची कार्यक्षमता वाढते, पण कालव्याचे पाणी मिळणाऱ्या साऱ्या लाभक्षेत्रातून वाफ होऊन जाणारे पाणीही वाढते, आणि खालच्या विहिरीची पातळी त्याच हंगामात उतरू लागते.