दुसऱ्याच्या खांद्यावर : अंगोलातल्या युद्धाची गोष्ट

[दृश्य : लुआंडा शहर, समुद्राच्या बाजूनं. काँक्रीटचा उंच सुळका.]

लुआंडा ही आफ्रिकेतल्या अंगोलाची राजधानी. तिच्या किनाऱ्यावर नजर आधी जाते ती या सुळक्याकडे. उंची १२० मीटर. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, एखादं रॉकेट उडायचं राहून गेलंय. हे अगोस्तिन्यो नेतो यांचं स्मारक. पेशानं डॉक्टर, वृत्तीनं कवी आणि स्वतंत्र अंगोलाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. १९७९ मध्ये ते मॉस्कोच्या रुग्णालयात वारले. १९८२ मध्ये सोव्हिएत मदतीनं स्मारकाचं काम सुरू झालं आणि उद्घाटन झालं २०१२ मध्ये. मधल्या ३० वर्षांत सोव्हिएत संघच नकाशावरून पुसला गेला.

[जुनी कृष्णधवल चित्रफीत : बंदर, लाकडी खोकी, रांगा.]

हे १९७५ साल. खोक्यांमध्ये पोर्तुगीजांचे संसार आहेत. आदल्या वर्षी २५ एप्रिलला लिस्बनमध्ये लष्करानंच हुकूमशाही उलथवली होती, आणि अंगोलासकट आपल्या वसाहती सोडायचं ठरलं होतं. सोडायचं, पण कोणाच्या हाती? अंगोलात दावेदार संघटना तीन होत्या. नेतोंची मार्क्सवादी एमपीएलए, जिचा जोर राजधानीत. होल्डन रॉबर्टोंची एफएनएलए, जिचा पाया उत्तरेतल्या बाकोंगो लोकांत. आणि मधल्या पठारावरच्या ओविंबुंदू लोकांच्या बळावर उभी असलेली, योनास साविंबींची युनिटा. जानेवारीत पोर्तुगालमधल्या आल्व्होर गावी तिघांनी एकत्र सरकार चालवायच्या करारावर सह्या केल्या. काही महिन्यांतच लुआंडाच्या गल्ल्यांमध्ये ते एकमेकांवर गोळ्या झाडत होते.

१० नोव्हेंबरला शेवटच्या पोर्तुगीज उच्चायुक्तांनी झेंडा उतरवला आणि सत्ता ‘अंगोलाच्या जनतेला’ सुपूर्द केल्याचं जाहीर केलं. नाव कुणाचंच घेतलं नाही. मग जहाज गाठलं.

[दृश्य : दलदलीतून जाणारा अरुंद रस्ता, पूल. क्विफान्गोंडो.]

हा रस्ता नीट बघून घ्या. दोन्ही बाजूंना दलदल, मधे एवढीच वाट, आणि ही वाट थेट लुआंडात उतरते. त्याच १० नोव्हेंबरला याच वाटेनं रॉबर्टोंचं सैन्य राजधानीकडे निघालं होतं. सोबत शेजारच्या झैरेच्या, म्हणजे आजच्या काँगोच्या, पलटणी. पाठीमागे दक्षिण आफ्रिकेच्या तोफा. पैसा अमेरिकेचा. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी जुलैमध्येच सीआयएच्या गुप्त मोहिमेला मंजुरी दिली होती. शस्त्रं झैरेच्या राजधानीत, किन्शासात, उतरायची आणि झैरेचे सर्वेसर्वा मोबुटू यांच्या हातून पुढे सरकायची. अमेरिकेचं नाव कुठे दिसता कामा नये, एवढीच अट.

आता गंमत बघा. याच रॉबर्टोंच्या फौजेला झैरेतल्या तळांवर शिकवायला चीनचे प्रशिक्षक येऊन गेले होते. म्हणजे एका ताटात चीन आणि अमेरिका, का, तर समोर एमपीएलएच्या ताटात सोव्हिएत संघ. साम्यवाद विरुद्ध लोकशाही अशी ही लढाई शाळेच्या पुस्तकात सोपी वाटते. क्विफान्गोंडोच्या चिखलात ती तशी नव्हती.

[जुनी चित्रफीत : ट्रकवरचे रॉकेट लाँचर.]

पलीकडच्या चढावर एमपीएलएची माणसं होती आणि त्यांच्याबरोबर क्युबाचे सैनिक. त्यांच्याकडे हे यंत्र होतं, सोव्हिएत बीएम-२१. एका ट्रकवर ४० नळ्या. अरुंद रस्त्यावर रांगेनं येणाऱ्या फौजेवर त्या रिकाम्या झाल्या, तेव्हा पळायला दोन्हीकडे दलदलच होती. रॉबर्टोंचं सैन्य त्यानंतर सावरलंच नाही. मध्यरात्री नेतोंनी लुआंडात स्वातंत्र्याची घोषणा केली.

क्युबाचे हे सैनिक अटलांटिक ओलांडून आले होते. मोहिमेचं नाव कार्लोटा. १८४३ मध्ये क्युबातल्या उसाच्या मळ्यावर बंड करणाऱ्या एका गुलाम स्त्रीचं हे नाव. ब्रिटानिया बनावटीच्या जुन्या प्रवासी विमानांतून, साध्या कपड्यांत, वाटेत इंधन भरत भरत ते पोचले. मॉस्कोच्या इशाऱ्यावर क्युबा नाचला, असं तेव्हा सगळे म्हणत. पुढे खुल्या झालेल्या कागदपत्रांतून वेगळं चित्र दिसतं. निर्णय क्युबाचे नेते कास्त्रो यांनी घेतला, मॉस्कोला मागाहून कळवलं. प्यादंही कधी कधी स्वतःच घर निवडतं. १९७६ च्या सुरुवातीला क्युबाचे सुमारे ३६ हजार सैनिक अंगोलात होते. दक्षिणेकडून आत घुसलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या फौजेला माघार घ्यावी लागली. तिकडे व्हिएतनामच्या अनुभवानं पोळलेल्या अमेरिकी सिनेटनं डिसेंबरमध्येच पैशाचा नळ बंद केला होता.

[दृश्य : समुद्रातले तेलफलाट, ज्वाळा. रात्र.]

आणि आता हे. काबिंडा. अंगोलाचाच तुकडा, पण मधे काँगोचा पट्टा, त्यामुळे देशापासून तुटलेला. समुद्राच्या तळाशी तेल. ते काढत होती अमेरिकेची गल्फ ऑइल. तेलाचा हिस्सा जात होता लुआंडाच्या मार्क्सवादी सरकारला. त्या डॉलरांतून सरकार सोव्हिएत शस्त्रांचं बिल चुकवत होतं. आणि मालोंगोच्या या तेलतळावर पहारा होता क्युबाच्या सैनिकांचा. अमेरिकी कंपनीच्या टाक्या, क्युबाची संगीन. सुरुवातीला वॉशिंग्टनच्या दबावाखाली कंपनीनं काही महिने पैसे रोखून पाहिले, मग पुन्हा मुकाट्यानं सुरू केले. अंगोलाच्या सरकारला अमेरिकेनं मान्यता दिली थेट १९९३ मध्ये, पण तेलाला मान्यता लागत नाही.

मे १९८५. दक्षिण आफ्रिकेच्या नऊ कमांडोंची तुकडी रात्री समुद्रातून या किनाऱ्यावर उतरली. टाक्या उडवायच्या होत्या. सोबत युनिटाची पत्रकं होती, म्हणजे खापर आपोआप युनिटावर फुटलं असतं, किंवा श्रेय म्हणा. गस्तीच्या सैनिकांनी त्यांना गाठलं. दोघे मारले गेले, कप्तान जिवंत पकडला गेला. म्हणजे अमेरिकेचा मित्र अमेरिकेचीच मालमत्ता उडवायला आला होता, आणि ती वाचवली अमेरिकेच्या शत्रूनं.

त्याच उन्हाळ्यात अमेरिकी काँग्रेसनं अंगोलातली मदतबंदी उठवली. साविंबींनी वॉशिंग्टनमध्ये एका जनसंपर्क कंपनीला ६ लाख डॉलरचं काम दिलं होतं.

[चित्रफीत : व्हाइट हाउस, हस्तांदोलन.]

जानेवारी १९८६. रेगन आणि साविंबी. हसू बघा दोघांचं. साविंबींनी आयुष्यात किती जणांशी असे हात मिळवले, त्याची यादी लांब आहे. आधी माओंच्या चीनमध्ये युद्धाचे धडे, मग वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचा आसरा, मग हे. त्यांना कुणाचं बाहुलं म्हणणं मला पटत नाही. या भेटीनंतर खांद्यावरून डागायची स्टिंगर क्षेपणास्त्रं जांबाला, म्हणजे आग्नेय कोपऱ्यातल्या त्यांच्या राजधानीला, पोचू लागली.

[दृश्य : गवतात गंजलेले रणगाडे. जवळून : साखळी, तुटलेलं दार, आत वाळवीचं वारूळ.]

क्विटो क्वानावाले, आग्नेय अंगोलातलं गाव. रणगाडे सोव्हिएत आहेत, आत बसलेली पोरं अंगोलाची होती. १९८७ मध्ये सोव्हिएत सल्लागारांच्या आखणीनुसार सरकारी फौज युनिटाचा माविंगा तळ घ्यायला निघाली. क्युबाचा या मोहिमेला विरोध होता. लोंबा नदीपाशी दक्षिण आफ्रिकेनं वाट अडवली. ३ ऑक्टोबरला सरकारची ४७ वी ब्रिगेड एका दिवसात संपली. उरलेल्या फौजेनं माघार घेत या गावात ठाण मांडलं. मग महिनोन्‌महिने दक्षिण आफ्रिकेच्या जी-५ तोफा. १५५ मिलिमीटरचा गोळा, पल्ला ४० किलोमीटरच्या घरात. धावपट्टीवर विमान उतरणं मुश्कील झालं. कास्त्रोंनी नवी कुमक पाठवली, आकडा ५० हजारांवर गेला, आणि क्युबाचे मिग वैमानिक आकाशात उतरले. मार्च १९८८ पर्यंत गाव पडलं नाही. जिंकलं कोण? दोन्ही बाजूंचे जुने सैनिक आजही वाद घालतात. दक्षिण आफ्रिका म्हणते, गाव घ्यायचंच नव्हतं. असेल. पण त्याच वर्षी २२ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये सही झाली, क्युबाच्या परतीच्या बदल्यात दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातल्या नामिबियाला स्वातंत्र्य द्यायचं ठरलं, आणि २३ मार्च हा दिवस आफ्रिकेच्या दक्षिण भागातले देश आज मुक्तिदिन म्हणून पाळतात.

महासत्ता निघून गेल्या. १९९२ च्या निवडणुकीत नेतोंच्या जागी आलेले राष्ट्राध्यक्ष एदुआर्दो दोस सांतोस यांना ४९.५७ टक्के, साविंबींना ४०.०७ टक्के. निम्मी मतं कुणालाच नाहीत, म्हणून दुसरी फेरी व्हायची होती, ती झालीच नाही. आता पाठीराखे नव्हते, पण सरकारकडे तेल होतं, युनिटाकडे हिरे होते. तेवढ्यावर युद्ध आणखी १० वर्षं चाललं, २२ फेब्रुवारी २००२ रोजी साविंबी मारले जाईपर्यंत. एकूण मृत सुमारे ५ लाख, घर सोडावं लागलेले सुमारे ४० लाख.

[दृश्य : हुआंबोजवळचं शेत. चेहऱ्यावर संरक्षक व्हायझर घातलेल्या, भूसुरुंग शोधणाऱ्या स्त्रिया, गुडघ्यावर. पाच सेकंद फक्त यंत्राचा आवाज.]

[दृश्य : रेल्वेमार्ग, वरून.]

बेंगेला रेल्वे. लोबितो बंदरापासून काँगोच्या सीमेवरच्या लुआउपर्यंत, १३४४ किलोमीटर. पोर्तुगीज राजवटीत काँगोतलं तांबं समुद्राला आणायला बांधलेली. युद्धात पूल उडाले, डबे जळले, मार्ग ठप्प झाला. शांतता आल्यावर चीननं तो नव्यानं बांधला. रूळ टाकण्याआधी कडेचे भूसुरुंग काढावे लागले. आता हाच मार्ग ३० वर्षांसाठी युरोपीय कंपन्यांच्या गटाकडे आहे आणि त्यासाठी ५५ कोटी डॉलरांहून जास्त कर्ज अमेरिकी सरकारच्या वित्तसंस्थेनं मंजूर केलंय. ४ डिसेंबर २०२४ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडेन स्वतः लोबितोला आले होते. बॅटऱ्यांना तांबं लागतं, कोबाल्ट लागतं, आणि त्यासाठी चीनशी स्पर्धा आहे, हे कुणी लपवलेलं नाही.

[दृश्य : मालगाडी, समोरून. आवाज वाढत जातो.]

रूळ चीनचे. कर्ज अमेरिकेचं. गाडी लोबितोच्या धक्क्याकडे निघालीय, तांबं घेऊन.