माशीने धरायचा मासा

श्रोतेहो, नमस्कार.

कोकणात गळाने मासे धरण्याला गरवणे म्हणतात, आणि गरवायला निघालेल्या माणसाच्या डब्यात कोळंबी, गांडुळे किंवा कणकेच्या गोळ्या असतात. आज ज्या प्रकाराविषयी मी बोलणार आहे, त्या फ्लाय फिशिंगमध्ये यातले काहीच लागत नाही. गळाभोवती पिसे, केस आणि दोरा गुंडाळून एक खोटी माशी बांधलेली असते. ती इतकी हलकी असते की नुसती फेकली तर चार हातांवरही पोहोचणार नाही, म्हणून इथे वजन असते ते दोरीला. ही जाडसर दोरी काठीने मागे उडवायची, पाठीमागे ती पूर्ण उलगडेपर्यंत क्षणभर थांबायचे आणि मगच पुढे सोडायची. नवशिक्याची सारी फजिती त्या क्षणातच होते. मुंबईत तर पाठीमागे मोकळी जागा मिळणे हेच दुर्मीळ. पवईच्या काठावर माझी माशी पाण्यापेक्षा झाडांवरच अधिक वेळा बसली आहे.

ही कला वाढली ती थंड पाण्यातल्या ट्राउट माशांवर, आणि उष्ण प्रदेशातल्या तलावावर तिचे काही नियम बदलावे लागतात. दहा अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. त्यामुळे ऊन पाण्यातला मासा झुंजताना लवकर दमतो आणि सोडून दिल्यावरही मरू शकतो. बारीक धाग्यावर त्याला अर्धा तास खेळवणे थंड नदीत कौशल्याचे मानले जात असेल, इथे तो निव्वळ छळ आहे. धागा मजबूत असावा, गळ बिनकाट्याचा, म्हणजे टोकाशी उलटा दात नसलेला असावा आणि माशाला ओल्या हातांनी, शक्यतो पाण्यातच मोकळे करावे. पहाटेचा गारवा बरा असे आपल्याला वाटते, परंतु शेवाळाने हिरव्या झालेल्या तलावात वनस्पती रात्रभर श्वसन करीत असल्याने सूर्योदयाच्या सुमारास प्राणवायू सर्वांत कमी असतो.

अशा पाण्यातला, माशी टाकणाऱ्यांचा सर्वांत लाडका परदेशी मासा म्हणजे पीकॉक बास. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेपटीवर मोरपिसातल्या डोळ्यासारखा सोनेरी कड्याचा काळा ठिपका आणि माशीवर झडप अशी की काठी हातातून निसटावी. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या आग्नेय भागातल्या कालव्यांत 1984 साली तो मुद्दाम सोडला गेला, कारण तिथे आधीच माजलेल्या दुसऱ्या परक्या माशांना त्याने खावे अशी योजना होती. थंडी त्याला सोसत नाही, त्यामुळे तो उत्तरेकडे फारसा पसरला नाही. 2010 च्या जानेवारीतल्या कडाक्यात तर त्यांतले पुष्कळ मासे मेले. पनामाच्या गातून तलावात मात्र थंडीचा असा पहारा नव्हता. तिथे हाच मासा 1960 च्या दशकात शिरला आणि लहान देशी मासे इतके घटले की त्यांच्यावर जगणारे पक्षीही कमी झाले. या बदलाची नोंद 1973 मध्ये शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली. आपल्याकडे थंडी कुठली? म्हणून हौसेखातर मत्स्यालयातला एखादा परदेशी मासा तलावात सोडणाऱ्या माणसाची मला धास्ती वाटते.

तसे आपल्याकडचे पाहुणे आधीच घरचे झालेले आहेत. पवईच्या पाण्यावर पसरणारी जलपर्णी दक्षिण अमेरिकेची, आणि ज्या चिलापीला आपण गावठी समजून कालवण करतो, ती आफ्रिकेतून 1952 मध्ये भारतात आणलेली. माशी टाकायला शिकायचे असेल तर हीच चिलापी उत्तम गुरू आहे. विणीच्या दिवसांत उथळ पाण्यात नर तळाची माती उकरून थाळीएवढे खळगे करतो आणि काळवंडलेल्या अंगाने त्यावर घिरट्या घालत राहतो. छोटी, बुडणारी माशी त्या खळग्यात अलगद उतरवली की तो ती तोंडात धरतो, परंतु भुकेपोटी नव्हे. घरात आलेला कचरा बाहेर टाकावा तशी ती त्याला बाहेर नेऊन टाकायची असते. तेवढ्या निमिषात दोरी ताणली गेली तर मासा आपला. मादी अंडी तोंडातच सांभाळते, आणि गळाला लागली की ती सांडून टाकते. म्हणून मी माशी नराच्याच खळग्यावर टाकतो.

एक सूचना मात्र नीट ऐका. थंड नद्यांत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून माशी टाकतात. पवईत गळ टाकण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि पाय कोरडेच ठेवावेत, कारण त्या तलावात मगरी आहेत.