आधी पेट्रोल, मग ठिणगी

श्रोतेहो, नमस्कार. गाडी बंद पडली की जुने मिस्त्री आधी दोनच गोष्टी बघत. पेट्रोल येतंय का? आणि ठिणगी पडतेय का? आधी पेट्रोल, मग ठिणगी. या दोन्हींची परीक्षा अगदी सुरुवातीच्या एका मोटारीवर, भर रस्त्यात, एका बाईने घेतली, ती हकीकत सांगतो.

साल 1888, महिना ऑगस्टचा. जर्मनीतल्या मानहाइम गावात कार्ल बेंझने तीन चाकांची मोटार बनवली होती, पण गिऱ्हाइकांचा भरवसा बसत नव्हता. एके दिवशी त्याची पत्नी बेर्टा, नवऱ्याला न सांगता, युजेन आणि रिचर्ड या मुलांना घेऊन त्या मोटारीतून माहेरी निघाली. माहेर फोर्झहाइमला, शंभर किलोमीटरच्या वर! मोटारीने इतका लांबचा प्रवास तोवर कोणी केला नव्हता.

पेट्रोल पंप कुठला असायला? वीसलोख गावी ती औषधाच्या दुकानात शिरली आणि कपड्यांचे डाग काढायला मिळणारं लिग्रॉईन विकत घेतलं. तेच इंधन. पुढे गाडी अडली. इंधनाच्या नळीत कचरा! बेर्टाने टोपीची लांब पिन काढली आणि नळी साफ केली. मग इग्निशनची तार उघडी पडली. ठिणगीची वीज वाटेतच लोखंडात उतरली, तर ठिणगी पाडणाऱ्या प्लगला काय मिळणार? तिने मोज्याचा पट्टा सोडला आणि त्याने ती तार झाकली. संध्याकाळी फोर्झहाइमहून नवऱ्याला तार गेली, आम्ही पोचलो!

पुस्तकांत तिची ओळख 'बेंझची बायको' एवढीच येते, याचा मला मनापासून राग आहे. लग्नाआधी आपल्या हुंड्याचे पैसे घालून कार्लचा कारखाना तिनेच वाचवला होता.

असो. पुढे 1908 मध्ये फोर्डची मॉडेल टी आली, तरी तपासणी तीच. आधी पेट्रोल. टाकी पुढच्या सीटखाली, पेट्रोल उतारानेच खाली येणार. टाकीखालचा कॉक उघडायचा. धार लागली तर ठीक. थेंब थेंब पडलं तर नळीच्या आधी टाकीचं झाकण बघायचं, कारण त्यातलं हवेचं भोक बुजलेलं असू शकतं. तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो ना, तसंच हे.

मग ठिणगी. चार सिलिंडरना चार कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी वेटोळी, लाकडी पेटीत बसवलेल्या, प्रत्येकीवर थरथरणारी पत्ती. इंजिन चालू ठेवून एकेक पत्ती बोटाने दाबायची. आवाज बदलला, तर तो सिलिंडर चांगला. दाबूनही आवाज बदलला नाही, तर तोच मेलेला. आता दोष कॉइलचा की प्लगचा? हल्ली न तपासता दोन्ही बदलतात, मला ते मुळीच पटत नाही. इंजिन बंद करून ती कॉइल शेजारच्या कॉइलच्या जागी घाला. दोष कॉइलबरोबर सरकला, तर कॉइल खराब. जागेवरच राहिला, तर प्लग आणि त्याची तार बघा.